चार फुटाला एक इंच

माझी थोरली लेक तुळसा पहिल्या बाळंतपणाला घरी आली, त्या सालची ही गोष्ट. सालाचा आकडा तेव्हा मला वाचता येत नव्हता. तुळसाला सातवा लागला होता, वैशाखाचं ऊन भिंतीला हात लावू देत नव्हतं, आणि मी फलटणच्या शिंपी आळीत हेंद्र्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला शिडी लावून उभा होतो. तेवढ्यात खालून आवाज आला.

"उतर! आधी खाली उतर!"

मी खाली पाहिलं. मुकुंद हेंद्रे हातात कापड बेतायची लांब कात्री घेऊन अंगणात उभा होता. माझी बायको गंगू शिडी धरून होती. ती कात्रीकडे बघत होती, पण शिडी तिनं सोडली नव्हती.

"मुकुंदशेट, मी नुसतं माप घेतोय."

"कसलं माप?"

"सॉईल पाइपचं. वर संडास-बाथरूम करायचंय ना. पाइप या भिंतीवरून उतरणार आणि तुमच्या अंगणातल्या टाकीला जोडणार."

"म्हणजे वरच्याची घाण माझ्या दुकानाच्या खिडकीशेजारून जाणार. मी इथं लोकांच्या लग्नाचे कपडे शिवतो रे!"

वरची खिडकी उघडली. रघुनाथनं, म्हणजे थोरल्या भावानं, डोकं बाहेर काढलं.

"मिस्त्री, त्याला सांग, टाकी सामाईक आहे. वाटणीच्या कागदात लिहिलंय."

"मिस्त्री, त्याला सांग, टाकी सामाईक आहे. भिंत नाही."

"त्याला सांग, भिंतीचं कागदात काही नाही, म्हणजे तीही सामाईक."

"त्याला म्हणावं, कारकुनी तिकडं सोसायटीत कर."

दोघांत दहा-बारा हातांचं अंतर होतं. तीन वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. मी मध्ये शिडीवर. एकाचं बोलणं वरून यायचं, दुसऱ्याचं खालून, आणि दोन्ही माझ्यातून जायचं.

वाटणी झाली तेव्हा धाकट्या मुकुंदला खालचा मजला, पुढच्या खोलीतलं शिलाईचं दुकान आणि मागचं अंगण मिळालं होतं. रघुनाथला वरचा मजला आणि वडील. दुसऱ्यानं आपल्याला लुबाडलं असं दोघांनाही वाटत होतं. संडास एकच होता, अंगणाच्या टोकाला.

"मुकुंदशेट," मी म्हणालो, "तुमच्या भांडणातलं मला काही कळत नाही. मला ढाळ कळतो. चार फुटाला एक इंच ढाळ मिळाला की मैला आपसूक खाली जातो. तो भाऊबंदकी बघत नाही."

गंगू फस्सकन हसली. मुकुंदचं तोंड लालबुंद झालं.

"बायको बरोबर आहे म्हणून सोडतो," तो म्हणाला. "अण्णांना विचारलंयस का?"

"त्यांच्यासाठीच तर चाललंय."

"विचारलंयस का, ते बोल."

"विचारलंय!" वरून रघुनाथ म्हणाला, आणि खिडकी लागली.

मी दुर्गाप्पा धोत्रे. आमची जात वडाराची, बापानं जन्मभर दगड फोडला. मी मात्र एका कंत्राटदाराच्या हाताखाली बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या पाइपांचं काम शिकलो. सांध्यात ताग ठासायचा, वर वितळलेलं शिसं ओतायचं, मग छिन्नीनं ठोकून बसवायचं. अक्षर एकही येत नव्हतं, पण कुठला सांधा कधी गळणार हे मी लांबून सांगत असे. हेंद्र्यांचं काम मी पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर घेतलं होतं. शिंपी आळीत तशी माडीची वीस-बावीस जुनी घरं होती आणि एकाही घरात वर संडास नव्हता. सगळी आळी बघत होती. हे काम नीट उतरलं तर ती सगळी घरं माझी. एक थेंब जरी मुकुंदच्या खिडकीवर पडला, तर तो सगळ्या आळीला बोलावून दाखवणार आणि मला पुन्हा तिकडं पाऊल टाकता येणार नव्हतं.

आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते केशवअण्णा, या दोघांचे वडील, पंचाहत्तरीचे होते. फलटणमधल्या कितीतरी माणसांचे पहिले कोट त्यांनी शिवलेले. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. गळ्याला भोक होतं, त्यावर पांढरा रुमाल बांधलेला. पोरांच्या शाळेची असते तशी पाटी दोरीनं गळ्यात अडकवलेली असायची, सदऱ्याच्या खिशात शिंप्याचा चपटा खडू. जे सांगायचं ते पाटीवर लिहायचे. फाल्गुनात ते जिन्यावरून घसरले होते. कपाळाला चार टाके पडले होते.

"दिवसातून चार-चार वेळा उतरतात," रघुनाथ मला पहिल्या दिवशी म्हणाला होता. "जिना बघितलास ना? नुसती शिडी आहे, दोर धरून उतरावं लागतं. परत पडले तर आळी माझ्या तोंडात शेण घालेल. त्याला काय, त्याच्या वाटणीला दुकान आहे."

मला ते पटलं होतं. आजही त्यातलं एक अक्षर खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

पहिल्या दिवशी मी वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत, पाइप जिथून भिंतीबाहेर काढायचा तिथं, शाळेच्या खडूनं गोल काढून गेलो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर गोलाशेजारी दोन चिन्हं काढलेली. मला वाटलं, मुकुंदचं काम. शिवी असणार. ओलं फडकं घेतलं आणि पुसून टाकलं. भोक पाडायला सुरुवात केली. भिंत दीड हात रुंद, पांढऱ्या मातीची. संध्याकाळपर्यंत निम्मी पोखरली.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तशीच दोन चिन्हं, भोकाच्या वर.

गंगूनं वाकून बघितलं. "तुळसाच्या बा, ही रेघ शाळंच्या खडूची न्हाई. कशी धारंवानी हाय बघा. ही शिंप्याच्या खडूची."

मी वळून पाहिलं तर दारात अण्णा उभे. पाटी छातीशी, डोळे माझ्यावर रोखलेले.

मी रघुनाथला हाक मारली. तो कामावर निघाला होता, सदऱ्याची बटणं लावत आला.

"भाऊसाहेब, हे काय लिहिलंय बघा. अण्णांनी लिहिलंय."

त्यानं भिंतीकडे बघितलं. मग अण्णांकडे. शेवटचं बटण लावायला त्याला जरा वेळ लागला.

"'नीट' लिहिलंय," तो म्हणाला. "नीट कर म्हणतात." आणि आपल्याच तळव्यानं त्यानं ते पुसलं.

अण्णांनी भिंतीवर थाडकन हात मारला. गळ्याच्या भोकातून भात्यासारखा आवाज आला.

"अण्णा, पुरे आता. त्याला काम करू द्या."

मला राग आला. तीस वर्षं पाइपात घालवली, आणि हा म्हातारा मला नीट कर म्हणून शिकवतो? मी म्हणालो, "अण्णा, मी कधी तुम्हाला काज कसं करायचं ते सांगायला आलो का?"

त्यांनी पाटीवर लिहून माझ्यासमोर धरलं. मी पाटीकडे बघितलंच नाही. बघून काय करणार होतो?

त्यानंतर त्यांनी आमच्याशी वैरच धरलं. माझा ओळंबा दोन वेळा हरवला, आणि दोन्ही वेळा त्यांच्या गादीखाली सापडला. ताग खिडकीतून खाली फेकला. गंगूनं कालवलेल्या सिमेंटात तांब्याभर पाणी ओतून ठेवलं.

"लई खट म्हातारं हाय," गंगू म्हणाली. "त्याच्यासाठीच करतुया आन् आपल्यालाच छळतंय."

पण दोन दिवसांनी अंगणात चेंबर खणताना तिनंच मला कोपरानं ढोसलं. "बघा, बघा."

अण्णा खाली उतरत होते. एका हातात दोर, एक पायरी, मग थांबायचं, मग पुढची. आम्ही अंगणात होतो, पण त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही. संडासात गेले, आले, हातपाय धुतले. मला वाटलं आता जिना चढतील. ते दुकानाच्या मागच्या दारात गेले. मुकुंद मशीनवर होता. त्यानं मान वर केली नाही. पायानं एक स्टूल पुढं ढकललं, आणि बटणं लावायचे सदरे त्यांच्या बाजूला सारले. अण्णा बसले. सुईत दोरा पहिल्याच फटक्यात ओवला. दोघं बापलेक एकमेकांकडे न बघता काम करत बसले. एकदा अण्णांनी एक कॉलर उचलली, उलटसुलट केली, आणि मुकुंदच्या अंगावर फेकली. मुकुंदनं मुकाट्यानं शिलाई उसवायला घेतली.

वरून रघुनाथची बायको ओरडली, "अण्णा! झालं का नाही अजून? किती वेळ!"

मुकुंदनं मशीन जोरात चालवलं. अण्णा हलले नाहीत.

"बघितलंस?" मी गंगूला म्हणालो. "आजारी म्हाताऱ्याकडून फुकटात बटणं लावून घेतो. म्हणून याला पाइप नकोय."

गंगू घमेलं उचलत म्हणाली, "उतरताना पाय कसे हलके पडत्यात, न्हाई?" आणि माती टाकायला गेली. माझं लक्ष चेंबरच्या तळाकडं होतं. पाणसळ लावून मी तिथला ढाळ बघत होतो.

शिसं ओतायच्या दिवशी भांडण पेटलं. सकाळी येऊन बघतो तर नव्या संडासाच्या जागी, भांडं बसवायच्या खड्ड्यात, अण्णा मांडी घालून बसलेले. सामान सगळं तयार. खाली चुलीवर शिसं वितळत ठेवलेलं. मी विनवलं, गंगूनं विनवलं. ते जागचे हलेनात. रघुनाथ आला.

"अण्णा, उठा."

अण्णांनी पाटी त्याच्या पायांवर फेकली. कोपरा फुटला.

"आळी बघतेय, अण्णा! तमाशा करू नका!"

त्यानं वाकून त्यांच्या बगलेत हात घातले आणि त्यांना उचललं. म्हाताऱ्याचं वजन काही नव्हतंच. पाय खड्ड्याच्या कडेला घासत गेले. गळ्यावरचा रुमाल सुटला आणि ते भोक उघडं पडलं. गंगूनं तोंड फिरवलं. तेवढ्यात खालून मुकुंदचा आवाज आला.

"मिस्त्री! वर काय चाललंय? अण्णांना कोण हात लावतंय?"

"त्याला सांग," रघुनाथ धापा टाकत म्हणाला, "बाप माझ्या वाटणीचा आहे."

मी खिडकीतून खाली बघितलं. मुकुंद जिन्याच्या तळाशी आला होता. वर एक पाय ठेवला असता तर काही वेगळं झालं असतं का, कोण जाणे. पण वर पाऊल ठेवणार नाही असं तो वाटणीच्या दिवशी चार माणसांदेखत बोलला होता, हे मला मागाहून कळलं. तो तिथंच उभा राहिला.

"काय सांगू?" मी रघुनाथला विचारलं.

"काही सांगू नकोस. शिसं ओत."

शिसं एकदा तापलं की थांबता येत नाही. मी ओतलं.

सगळे सांधे एका दिवसात झाले. भिंतीवर वरपर्यंत हवेचा पाइप चढवला, त्यावर टोपी बसवली. तिसऱ्या दिवशी चाचणी. रघुनाथनं नारळ फोडला. आळीतली आठ-दहा माणसं अंगणात आणि जिन्यात जमली होती. मी दोन बादल्या पाणी एकदम भांड्यात ओतलं आणि खिडकीशी धावत गेलो. गंगू खाली सांध्यांना हात लावून उभी होती.

"कोरडं!" ती ओरडली. "समदं कोरडं हाय!"

पाइपातून पाणी गडगडत उतरलं. चेंबरमध्ये आलं, थांबलं नाही, टाकीत गेलं. आळीतला कुणीतरी म्हणाला, "वा, मिस्त्री!" तो शब्द ऐकायला मी महिनाभर जगलो होतो.

मागून कुणीतरी माझा हात धरला. अण्णा होते. त्यांनी माझा उजवा हात उलटा केला. तळवा सिमेंटनं भेगाळलेला. खिशातून खडू काढला आणि तळव्यावर हळूहळू, दाबून, दोन अक्षरं काढली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांत राग नव्हता. राग मला ओळखता आला असता.

मी तळव्याकडे पाहिलं. ज्याला वाचता येत नाही त्याची नजर खुणांवर जगते. एकदा निरखून बघितलेली खूण मी विसरत नाही; भिंतीवरची मात्र रागाच्या भरात कधी निरखलीच नव्हती. पहिली म्हणजे एका उभ्या पाइपाला डावीकडून येऊन मिळालेलं बेंड. दुसरी, उभ्या पाइपाला दोन्ही अंगांनी बेंड, त्याला चिकटून अजून एक उभा पाइप, आणि त्याच्या डोक्यावर तिरकी टोपी. हवेच्या पाइपाला मी कालच बसवली होती तशी.

मी हात रघुनाथपुढे धरला. "भाऊसाहेब, काय लिहिलंय?"

माणसं बघत होती. त्यानं हसून म्हटलं, "'झालं' लिहिलंय. झालं का विचारतात."

मी अण्णांच्या कानाशी जाऊन, ते बहिरे असल्यासारखा, मोठ्यानं ओरडलो, "हो अण्णा! झालं! आता जिना उतरायला नको!"

त्यांनी माझा हात सोडला. खडू बघितला, आणि नव्या भांड्यात टाकला. रघुनाथ म्हणाला, "घ्या, अण्णांनी उद्घाटन केलं." सगळे हसले. त्यानं बादली ओतली. खडू दिसेनासा झाला. एवढा चपटा तुकडा, पण कुठं अडकला नाही. ढाळ तसा होता.

आम्ही निघालो तेव्हा रघुनाथ जिन्याचा दोर सोडत होता. "आता याचं काय काम," तो म्हणाला.

पावसाळ्यात शिंपी आळीतली अकरा घरं मला मिळाली. आषाढात तुळसाला मुलगा झाला. दसरा झाल्यावर आठवड्याभरानं, पोराच्या पहिल्या दिवाळीला अंगडं शिवून घ्यावं म्हणून मी दीड वार मखमल घेऊन मुकुंदच्या दुकानात गेलो. दिवाळीचे दिवस, शिंप्यांना मान वर करायला सवड नसते. पण त्याचं मशीन बंद होतं. डोकं भादरलेलं होतं. कोपऱ्यात ते स्टूल पालथं घातलेलं.

"मुकुंदशेट, नातवाला अंगडं—"

"तुझं माप मी घेत नाही."

"माझं नाही, पोराचं—"

"तुझ्या घरातल्या कुणाचंच."

मला वाटलं, जुना राग. मी म्हणालो, "शेट, पाइप गळतो का? गळत असेल तर सांगा, आत्ता बघतो."

"नाही," तो म्हणाला. "पाच महिन्यांत एक थेंब नाही. गळला असता तर तोडून टाकला असता. कोर्टात गेलो असतो. तू तेवढीसुद्धा जागा ठेवली नाहीस."

मी मखमल हातात घेऊन उभा.

"रोज सकाळी पावणेसहाला पाइप वाजायचा," तो मशीनच्या चाकाकडे बघत बोलत होता. "त्यावरून कळायचं, अण्णा उठले. मग दहाला. मग चारला. पाच महिने वरून खाली तुझा पाइप तेवढा येत होता. परवा पावणेसहाला वाजला नाही. सहाला नाही. साडेसहाला मी जिना चढलो."

तो उठला आणि दुकानाची फळी लावायला लागला. मी अजून आतच होतो. "चल," तो म्हणाला, "बाहेर हो."

अंगडं मी दुसऱ्या पेठेतून शिवून घेतलं. गंगूला यातलं काही सांगितलं नाही.

त्यानंतर सहा-सात वर्षांनी आमच्या वस्तीत साक्षरतेचा वर्ग निघाला. गंगूनं नाव घातलं म्हणून मीही घातलं. मी तेव्हा बावन्न-त्रेपन्नाचा. समाजमंदिरात कंदील, समोर काळा फळा, आणि शिंगटे बाई शिकवायच्या. त्या म्हणायच्या, मोठ्या माणसांना बाराखडी पाठ करायला लावून उपयोग नाही, रोजच्या तोंडातले शब्द आधी. पहिल्या आठवड्यात त्यांनी फळ्यावर एक शब्द लिहिला आणि मागं वळून विचारलं, "हा रोज बोलता तुम्ही. कोण सांगेल?"

उभा पाइप, डावीकडून बेंड. उभा पाइप, दोन्ही अंगांनी बेंड, शेजारी दुसरा, आणि वर तिरकी टोपी.

"बाई," मी म्हणालो, "ते 'झालं' आहे."

बायका हसल्या. बाई पण हसल्या. "नाही हो, आजोबा. 'झालं' असं लिहितात." आणि शेजारी त्यांनी दुसरंच काहीतरी काढलं. "हे बघा. हे न. हे को. नको."

मी म्हणालो, "परत म्हणा."

"नको," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी सगळ्यांनी पाटीवर तो शब्द दहा वेळा गिरवला. मी एकदाच काढला, डाव्या हातानं, उजव्या तळव्यावर.

केशवअण्णा हेंद्रे तुळसाच्या मुलाला चौथा महिना लागला त्या आठवड्यात, दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी, पहाटे वारले. जिना अरुंद होता आणि दोर नव्हता, म्हणून त्यांना दोघा मुलांनी मिळून हातांवर खाली आणलं.